‘बेन, चार लीटी लखी आपो ने’: माझ्या लेखनकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ताई, चार ओळी लिहून द्या ना’ असं बडोद्यात मला गुजरातीत सारखं ऐकावं लागतं, आणि मागोमाग प्रश्न येतात. गेली चौदा वर्षं हेच प्रश्न मला फोनवर, लग्नाच्या पंगतीत, खंडेराव मार्केटात भाजी घेताना आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसलेली असताना विचारले गेलेत. त्या वेळी उत्तर देता आलं नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतेय.

तुम्ही नेमकं काय लिहिता?

तीन तऱ्हेचं. पहिलं जाहिरातीचं: पाकिटामागचा मजकूर, कॅटलॉग, दुकानाच्या उद्घाटनाचं पत्रक, मकरपुऱ्यातल्या कारखान्यांची माहितीपत्रकं. दुसरं खेळाडूंची व्यक्तिचित्रं. बडोद्यात असल्यामुळे क्रिकेट आलंच, पण मला खरी ओढ मल्लखांबाची आणि कुस्तीची. तिसरं माझं स्वतःचं, ज्याला संपादक ललित म्हणतात आणि आमचे हे ‘तुझं ते चाललंय वाटतं’ म्हणतात. पहिल्यातून घर चालतं, दुसऱ्यातून स्कूटरचं पेट्रोल निघतं, आणि तिसऱ्यातून दिवाळी अंकाची एक प्रत घरपोच येते.

एकच माणूस मसाल्याची जाहिरात आणि पैलवानाचं चरित्र दोन्ही कसं लिहू शकतो?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा ‘म्हणजे कुठलंच धड येत नसणार’ असा असतो. एक उदाहरण देते.

गोडा मसाला करणाऱ्या एका मराठी घराचं काम आलं होतं. बडोद्यातच तिसरी पिढी, आता गुजराती गिऱ्हाइकालाही विकायचाय. मालक म्हणाले, ‘ताई, लिहा: साठ वर्षांची परंपरा, घरगुती चव, शुद्धतेची खात्री.’ मी म्हटलं, मसाला भाजता कधी? पहाटे पाचला. मग पाचला गेले. धणे, तीळ, खोबरं, सगळं आपापल्या वेळी कढईत पडून बाहेर निघत होतं. भाजणाऱ्या काकू एका शब्दानं बोलत नव्हत्या. सगळं झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला आणि मग त्या गरम कढईत दगडफूल टाकलं. दोनदा उलथणं फिरवलं, की काढलं. मी विचारलं, आता का? ‘आचेवर टाकलं तर कडू होतं. माझ्या सासूबाई शेगडी उतरवायच्या, मी बटण फिरवते.’

पाकिटावर आधीच हिरवा ठिपका, पोषणमूल्यांचा तक्ता, चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच, तारीख, वजन. उरलेल्या जागेत चाळीसेक शब्द बसत होते. त्यात परंपरा, चव, खात्री काहीच लिहिलं नाही. दगडफूल गॅस बंद केल्यावर पडतं, एवढंच लिहिलं. मालक आठवडाभर नाराज होते, मग त्यांनीच ते वाक्य दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं.

पैलवानाकडेही मी अशीच पहाटे जाते. वेगळं काही करत नाही.

तुमचा दर शब्दाला किती?

व्यक्तिचित्राला एकरकमी घेते, जाहिरातीला कामावर. शब्दावर दर लावला तर त्या चाळीस शब्दांचे मला दोनशे रुपये मिळाले असते आणि काकूंनी दिलेला चहाच जड झाला असता. नेमका आकडा फोनवर सांगेन. निम्मे पैसे आधी, उरलेले मजकूर हाती पडल्यावर पंधरा दिवसांत.

निम्मे आधी कशाला, आमच्यावर विश्वास नाही का?

तुमच्यावर आहे. तुमच्या आधीच्या एकावर होता, तिथे गडबड झाली. एका पार्टीने माझ्या बिलातून दोन वर्षं १० टक्के टीडीएस कापला आणि सरकारकडे भरलाच नाही. रिटर्न भरायच्या वेळी माझ्या सीएने २६एएस, म्हणजे भरलेल्या कराची सरकारी नोंद, उघडली, तिथे त्या रकमेच्या जागी काहीच नव्हतं. फोन केला की ‘अकाउंटवाले रजेवर आहेत’. ते अकाउंटवाले अजून रजेवरच असावेत. म्हणून आता बिलावर छापूनच टाकलंय: टीडीएस जरूर कापा, कापलात तर भरा, आणि त्याचं प्रमाणपत्र पाठवा.

आमच्या चूर्णाने मधुमेह मुळापासून बरा होतो, असं आकर्षक भाषेत लिहून द्याल का?

नाही. आणि माझ्या तत्त्वांचा प्रश्न बाजूला ठेवा, तुमचाच खिसा वाचवतेय. काही ठरावीक आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करायलाच १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे, आणि त्या यादीत मधुमेह आहे. वर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलीत तर ५० लाखांपर्यंत. ‘मग “मदत करते” असं लिहा ना, बेन’ हा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. तेही नाही. चूर्णात काय आहे, कुठून आणता, कसं कुटता, हे दाखवा. त्यावर लिहिते.

‘भारतात नंबर एक’ हेही कुणी मोजलं ते सांगितल्याशिवाय लिहीत नाही. मांडवीच्या एका गल्लीत मी नंबर एकची तीन दुकानं पाहिलीत, तिन्ही शेजारी शेजारी.

मराठी, गुजराती, हिंदी तिन्हीत करून द्याल का? एकदा लिहिलं की बाकी भाषांतरच ना?

मराठी आणि गुजराती मी वेगवेगळं लिहिते, हिंदी दुसऱ्याकडून लिहून घेते. भाषांतर करत नाही, आणि त्याचं कारण सांगण्याजोगं आहे.

कपडे धुण्याच्या मशीनचं एक पत्रक होतं. गुजराती ओळ झकास होती: ‘हवे मम्मी नवरी!’ गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, हाताला काम नसलेली. मशीन आलं, आई मोकळी झाली. पैसे वाचवायला त्यांनी मराठी पत्रक ऑफिसातच करून घेतलं. तिथल्या मुलाने पाहिलं, लिपी बदलली, ‘हवे’चं ‘आता’ केलं, बाकीचा शब्द तर मराठीतही आहेच! प्रूफ केवळ नजरेखालून घालायला माझ्याकडे आलं: ‘आता मम्मी नवरी!’ खाली हसणारी बाई आणि मशीन. दांडिया बाजारातल्या मराठी घराघरांत हे पोचलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून मी अजून हसते.

या गावात हा प्रश्न नवा नाही. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांचा कोशच करून घेतला होता, १९३१ साली निघाला. एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी, असे सगळे पर्याय मांडलेले. कचेरीत बसलेल्या माणसाला जवळचा शब्द सापडावा म्हणून एवढा खटाटोप.

खेळाडूचं व्यक्तिचित्र कसं लिहिता? मुलाखत किती वेळ लागेल?

मुलाखत पाऊण तास. पण ती बहुधा वाया जाते, हे आधीच सांगते. त्या पाऊण तासात सगळे खेळाडू एकच बोलतात: कष्ट, जिद्द, सरांचं मार्गदर्शन, आईवडिलांचा पाठिंबा. आईवडील शेजारीच बसलेले असतात, त्यामुळे दुसरं बोलणार तरी काय. म्हणून मला सरावाचे किमान तीन दिवस लागतात आणि त्यांतला एक दिवस असा, की मी वही काढणार नाही.

गेल्या पावसाळ्यात चौदा वर्षांच्या एका मुलीवर लिहिलं. दोरीचा मल्लखांब करते. दोन दिवस मी अढी, सलामी, बगली, फिरकी अशी नावं टिपत बसले. बाजूला पोरं पुरलेल्या खांबाला एरंडेल चोळत होती, त्या वासाने डोकं भणभणलेलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ही पोर शाळेचे काळे बूट घालून येते. सुट्टीच्या दिवशीही. विचारलं तर आई म्हणाली, ‘अहो, मामाच्या लग्नातही परकर-पोलक्यावर हेच बूट!’ दोर पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरतात. सगळं अंगाचं वजन त्या बेचक्यावर. तिथे तिला करवंदाएवढा घट्टा पडला होता, आणि अंगठ्याच्या चपलेचा पट्टा नेमका तिथेच घासतो. लेख त्या बुटांपासून सुरू झाला. कष्ट आणि जिद्द हे शब्द त्यात एकदाही आले नाहीत. तिच्या सरांना ते थोडं खटकलं, हेही सांगायला हवं.

क्रिकेटच्या पोरांच्या बाबतीत मी आधी स्कोअरबुक मागते. हायलाइट्स नकोत. सोळा वर्षांखालच्या एका मुलाने मला त्याच्या शतकाची हकीकत दोनदा ऐकवली. वहीत मला त्याचा दुसराच एक डाव सापडला: ४१ चेंडू, ६ धावा. टिंबांमागून टिंबं. त्याबद्दल विचारल्यावर आधी लाजला, मग खुर्चीतून उठून बॅटशिवायच खेळून दाखवायला लागला. खेळपट्टी ओली, समोरून गडी जाताहेत, सरांनी निरोप पाठवलेला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलायचं नाही. नाही हलला. शतकाबद्दल बोलताना त्याचे डोळे असे चमकले नव्हते. आमच्या गावाला तशी सबुरीची सवय आहे. बडोद्याच्या अंशुमन गायकवाडांनी १९८३ साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१ करायला ६७१ मिनिटं घेतली होती. त्या पोराला हे माहीत नव्हतं. सांगितल्यावर त्याने वडिलांकडे असं पाहिलं, की बघा.

छापण्याआधी मजकूर दाखवता का?

जाहिरातीचा दाखवते, तो तुमचाच आहे. व्यक्तिचित्राचा नाही. पण त्यातली नावं, वयं, आकडे, स्पर्धा फोनवर एकेक वाचून दाखवते आणि चूक असेल तर दुरुस्त करते. हे मी शहाणपणाने शिकले नाही. एका गोलंदाजाला मी डावखुरा लिहिलं होतं. तो फलंदाजी डाव्या हाताने करायचा, चेंडू उजव्या हाताने टाकायचा, आणि मी त्याला फक्त नेटमध्ये बॅट हातात घेतलेला पाहिला होता. महिनाभर त्याचे मित्र त्याला ‘ए डावऱ्या’ म्हणून हाका मारत होते.

बडोद्याच्या जुन्या खेळाडूंवर काही लिहून मिळेल का?

मिळेल, आणि बहुतेकांना विजय हजारे हवे असतात. १९४७ च्या मार्चमध्ये रणजीचा अंतिम सामना इथे बडोद्यात झाला, समोर इंदूरचा होळकर संघ. हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. ५३३ मिनिटं, म्हणजे जवळजवळ नऊ तास. बडोद्याने ७८४ केल्या आणि सामना एक डाव ४०९ धावांनी जिंकला. प्रथम श्रेणीतली कुठल्याही गड्यासाठीची ती सर्वांत मोठी भागीदारी २००६ पर्यंत टिकली. मग कोलंबोत संगकारा-जयवर्धने यांनी ६२४ केल्या. चौथ्या गड्याचा विक्रम अजून हजारे-गुल महंमद यांचाच.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. हजारे सांगलीचे, आयुष्य बडोद्यात काढलं, २००४ मध्ये इथेच गेले, त्यांच्या नावाचा करंडक आहे. पण त्या डावात हजाऱ्यांच्या २८८ होत्या आणि गुल महंमदच्या ३१९. जास्त त्याच्या! लाहोरचा, बुटका, डावखुरा पोरगा, वय २५. पाच महिन्यांनी फाळणी झाली. पुढे तो पाकिस्तानात गेला आणि १९५६ मध्ये त्यांच्याकडून एक कसोटी खेळला. भारताकडून आठ, तिकडून एक. माझ्याकडे जुन्या खेळाडूवरचं काम घेऊन याल तर मी आधी गुल महंमद सुचवीन. आतापर्यंत चार जणांना सुचवला. चौघांनीही हजारेच घेतले. हजाऱ्यांवरही मनापासूनच लिहिलं, पण पाचव्याची वाट बघतेय.

वडिलांची पंचाहत्तरी आहे / वडील नुकतेच गेले. त्यांच्यावर लिहून द्याल का?

देते. ते काम मला सगळ्यांत कठीण जातं. फोटोंचे अल्बम आणू नका, फोटोत सगळे सारखेच उभे असतात. त्यांचं कपाट दाखवा. आणि विशेषण दिलंत तर मी त्याचा अर्थ विचारणार, रागावू नका.

एक गृहस्थ आले होते, वडील रेल्वेत होते. ‘बाबा फार शिस्तप्रिय होते.’ म्हणजे काय करायचे? ‘म्हणजे... शिस्तीचे.’ हो, पण काय करायचे? दहा मिनिटं गप्प बसले. मी उठून चहा टाकला. चहाबरोबर त्यांना आठवलं: बाबा रोज रात्री झोपण्याआधी टेबलावरच्या घड्याळाखाली दुसऱ्या दिवशीच्या दुधाचे सुटे पैसे मोजून ठेवायचे. रात्री झोपेतच गेले. घरात रडारड, माणसं जमलेली, आणि सहाला दूधवाला आला तेव्हा पैसे घड्याळाखाली होते. पुस्तिका सोळा पानांची झाली. बाकीची पंधरा पानं कुणी वाचली नसतील तरी चालेल.

स्वतःच्या घरच्यांबद्दल लिहिता तेव्हा त्यांची परवानगी घेता का?

आता घेते. पूर्वी घेत नसे. मावशीला कमी ऐकू येतं यावर मी एका दिवाळी अंकात लिहिलं, मला वाटलं मायेने लिहिलंय. मावशी आठ महिने बोलली नाही. गौरीच्या जेवणाला बोलावलं तेव्हा कुठे तिचं मौन सुटलं: ‘बहिरी म्हणालीस त्याचं काही नाही गं, ते गावाला माहीत आहे. पण मी चहात चोरून साखर घालते हे कशाला लिहिलंस? आता सूनबाई डबा वर ठेवते.’ तेव्हापासून घरच्यांबद्दलचं सगळं त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. मावशीला तर फारच मोठ्याने.

लेखाचे हक्क कोणाकडे?

मी कुणाची नोकर नाही, त्यामुळे लिहिलेल्याचा पहिला हक्क माझा. जाहिरातीचा मजकूर मी पूर्ण पैसे मिळाल्यावर लेखी देऊन टाकते. ‘लेखी’ महत्त्वाचं: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तोंडी हस्तांतर धरत नाहीत. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून दुबईतल्या भावाच्या दुकानातही तोच मजकूर वापरायचा असेल तर आताच बोला. व्यक्तिचित्रं आणि ललित यांचे हक्क माझ्याकडेच राहतात. एकदा छापायची परवानगी देते.

किती वेळा बदल करून द्याल?

दोनदा. तिसऱ्या वेळी बदल मजकुरात नसतो, तुमच्या भागीदारांत एकमत नसतं. आधी ते करून या.

हे सगळं आता एआय फुकटात लिहून देतं. मग तुम्ही कशाला?

चालत असेल तर अवश्य घ्या. मीसुद्धा मुलाखतीचं रेकॉर्डिंग त्याच्याकडून टाइप करून घेते, वेळ वाचतो. फक्त यंत्राचा मजकूर आणून ‘बेन, जरा फिनिशिंग मारो ने, अर्ध्या पैशात’ हे काम घेत नाही. तशा तीन पत्रकांवर बसले होते. वाक्यं गुळगुळीत, पण कढईपाशी कुणी उभंच राहिलेलं नव्हतं, मग मी फिनिशिंग कशाला मारू? शेवटी तिन्ही वेळा जाऊन पाहिलं आणि नव्याने लिहिलं. पैसे अर्धेच मिळाले.

मलाही असं काम करायचंय. कुठून सुरुवात करू?

जवळच्या मैदानावर जाऊन स्कोअर लिहायला शिका. सहा तास एका जागी बसून प्रत्येक चेंडू टिपायचा, आणि मध्ये मोबाइल बघितला की वही खोटी. मग सेंट्रल लायब्ररीत जा. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणून उभी केलेली, आपल्या करातून चाललेली, आणि तुम्ही तिथे शेवटचे कधी गेला होतात? व्यायामावरचं काही हवं असेल तर मुजुमदारांनी संपादलेला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश बघा, तो याच गावात झाला. मल्लखांबाच्या पकडींची निम्मी नावं मी त्यातून शिकले, उरलेली पोरांनी हसून हसून दुरुस्त केली. आणि बिल लिहायला शिका. ते कुणी शिकवत नाही.

तुम्ही घरीच असता ना? कधीही आलं तर चालेल?

शेजारच्या भाभी रोज दुपारी दारातून विचारतात, ‘नवरी छो?’ चौदा वर्षं मी ‘ना, भाभी’ म्हणतेय आणि चौदा वर्षं त्या येऊन बसताहेत. तुम्ही मात्र आधी फोन करा. सकाळी अकरा ते एक चालतो. पहाटे मी कुठल्या तरी आखाड्यात किंवा भट्टीपाशी असते, दुपारी लिहिते. गणपतीचे दहा दिवस काम घेत नाही. नवरात्रात बाराच्या आधी फोन करू नका. रात्री गरबा खेळून आल्यावर सकाळी उचलला तरी काय बोलले ते मला आठवत नाही, आणि गेल्या वर्षी अशाच एका फोनवर मी कुणाला तरी निम्म्या दरात कॅटलॉग कबूल केला होता. करून दिला.